कोरडा ठोकळा

नोकरीच्या पहिल्या दिवशी एका माणसानं मला दगड चाटायला लावला. चाकणच्या पुढं एमआयडीसीतली एक शेड, सकाळचे नऊ वाजलेले. मी इस्त्रीचा ड्रेस घालून, डिप्लोमाच्या सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून उभी. समोर पांढऱ्या मिशांचा, पांढऱ्या टोपीवरून कानांवर मोठे पिवळे इअर-मफ चढवलेला माणूस. त्यानं एक करडा दगडी ठोकळा माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, "चाट."

मी मनात म्हटलं, झालं कल्याण. अंबाजोगाईहून एवढ्या लांब आले, चिखलीत तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायला लागले, ते काय यासाठी? मी म्हटलं, "का?" तर त्यांनी खिशातून शाळेतल्या पोरांची असते तसली छोटी पाटी काढून माझ्या हातात दिली. वर दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. म्हणजे काय विचारायचं ते लिहून विचार. मी चिडून लिहिलं, 'का?' त्यांनी वाचलं, अंगठ्यानं पुसलं आणि ठोकळा पुन्हा पुढं केला. शेवटी मी चाटला. जीभ त्याला अशी चिकटली की ओढून काढावी लागली. ते खूश झाले. म्हणाले, "कोरडा हाय. चल."

ही माझी आबांशी ओळख. त्यांना सगळी कंपनी आबाच म्हणायची, साहेबसुद्धा.

आमची कंपनी हिरे विकत नाही, हिरे पिकवायची मशीनं बनवून विकते. पण गिऱ्हाइकाला मशीन विकायचं तर त्यात खडा पिकवून दाखवावा लागतो. त्यासाठी शेडच्या एका कोपऱ्यात, जाड काचेच्या भिंतीआड, आमची लॅब. आत एक प्रेस आणि आम्ही दोघं-तिघं. काम ऐकायला सोपं आहे. दगडाच्या ठोकळ्याला मधोमध भोक. त्यात शिसपेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट, लोखंड-निकेलची चकती आणि तळाशी मोहरीएवढा हिऱ्याचा कण. तो कण म्हणजे बी. ठोकळा प्रेसमध्ये ठेवायचा, सहा बाजूंनी सहा अँव्हिल, म्हणजे अतिकठीण धातूचे दट्टे, येऊन त्याला दाबतात, आतून वीज सोडून चौदाशे डिग्रीपर्यंत तापवायचं आणि पाच-सहा दिवस तसंच धरून ठेवायचं. दाब किती, हे आबा नव्या माणसाला नख दाखवून सांगायचे. या एका नखावर कांद्यानं भरलेले चार ट्रक उभे करायचे, एवढा.

ठोकळ्यात ओल राहिली तर त्या उष्णतेत तिची वाफ होते, तिला जायला वाट नसते, आणि मग तोफ उडावी तसा आवाज होऊन अँव्हिल फुटतं. म्हणून ठोकळे ओव्हनमध्ये भाजून घ्यायचे आणि कोरडे झाले की नाही ते तपासायचं. ओल मोजायचं यंत्र कंपनीत होतं, चांगलं महागाचं. आबांचा त्या यंत्रावर राग नव्हता. त्याचा आकडाही ते बघायचे, पण आधी स्वतः चाटायचे. आकडा आणि जीभ जुळली नाही तर ठोकळा परत ओव्हनमध्ये. जीभ चुकली असेल तरी परत ओव्हनमध्ये. दोनदा भाजल्यानं दगडाचं काय बिघडतं, असा त्यांचा हिशेब होता.

आबा मोशीचे, मूळचे. इंद्रायणीकाठी त्यांची कांद्याची जमीन होती, तिथं आता बारा मजल्यांच्या इमारती आहेत. दोन मुलं जमिनीच्या आणि वाळू-सिमेंटच्या धंद्यात, दारात दोन मोठ्या गाड्या. या माणसाला नोकरीची काडीची गरज नव्हती. तरी रोज सकाळी मोशीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे, काखेत डबा, कानांवर इअर-मफ. बसमध्येसुद्धा मफ. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा त्यांची, आणि शेजारी कुणी बसून गप्पा मारायला लागलं तर पाटी पुढं. बसमधली पोरं म्हणायची, आबांचा एक स्क्रू ढिला आहे. मीसुद्धा तेच म्हणायचे, उगाच आता साळसूदपणा कशाला दाखवू?

तरुणपणी शेती भावांवर टाकून ते पिंपरीत एका मोठ्या कारखान्याच्या फोर्जिंग शॉपमध्ये लागले आणि तीस वर्षं तापलं लोखंड ठोकणाऱ्या धडधडत्या हॅमरवर काढली. रिटायर झाल्यावर आमच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. हायड्रॉलिकचं कुठलंही दुखणं त्यांना कळायचं. तेलाच्या पाइपवर उजवा तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, पंपाचा सील गेलाय, नाहीतर तेलात हवा शिरलीय. उघडून बघितलं की तसंच निघायचं. गिऱ्हाइकं आली की साहेब मुद्दाम हे दाखवायचे.

'हिरा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. म्हणायचे खडा. त्यांना त्या खड्याचं मोलही वाटायचं नाही, वाटायचं ते वाढीचं. माझ्यासमोरचा पहिला खडा आम्ही भोवतालचं लोखंड ॲसिडमध्ये विरघळवून काढला, हळदीच्या पाण्यासारखा पिवळा. मी तर हरखूनच गेले. आबांनी भिंगाखाली धरला आणि तोंड वाकडं केलं. आत काळे ठिपके होते. "डेंगळा निघाला," म्हणाले. कांद्याला वेळेआधी फुलाचा दांडा येतो आणि कांदा वाया जातो, तो डेंगळा. खड्याला वाढायची घाई झाली की तो भोवतालचं लोखंड पोटात घेऊन वाढतो, ते ते काळं. तापमान दोन डिग्रीनं खाली ठेवायचं आणि एक दिवस जास्त द्यायचा, एवढाच त्यांचा उपाय. साहेबांना तो एक दिवस फार खुपायचा.

लॅबमध्ये त्यांचे दोन नियम. प्रेस चालू असताना आत कुणीही मफशिवाय यायचं नाही, आणि कुणीही बोलायचं नाही. काय असेल ते पाटीवर. मफचं कारण उघड होतं. अँव्हिल फुटलं तर कानाचे पडदे जातात. पाटीचं कारण सगळे शिस्त असं समजायचे. एकदा सुरतेहून एक गिऱ्हाईक आलं, भारी बोलघेवडं. आत शिरल्यापासून त्याचं तोंड चालूच. आबांनी पाटी दिली. तो हसला आणि बोलतच राहिला. आबांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली, बोटं मिटवली, आणि हात धरून पाटीवर टेकवला, बालवाडीतल्या पोराचा धरतात तसा. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्या माणसानं लिहिलं, आबांनी उत्तर लिहिलं, आणि अर्धा तास दोघं पाटीवर भांडत होते. त्यानं दोन मशीनं घेतली.

मला लागून सहा महिने झाले असतील. प्रेस बंद होती, मफ काढून आम्ही साफसफाई करत होतो. आबा आमच्याकडं पाठ करून ब्रशनं ठोकळे झटकत होते. त्यांनी मफ काढलेले नव्हते, पण ते काय, ते काढायचेच नाहीत. माझ्या हातून ट्रॉलीवरचं अँव्हिलचं पोलादी कडं सुटलं आणि फरशीवर पडलं. एवढा आवाज झाला की काचेबाहेरची माणसं दचकून उभी राहिली. मफमधूनही तो ऐकू यायलाच हवा होता. आबांचा ब्रश थांबलासुद्धा नाही. मी बघत राहिले. मग काचेबाहेरचे चेहरे बघून ते वळले आणि शांतपणे विचारलं, काय झालं. मी मान हलवली, काही नाही.

रात्रभर एकेक जुळत गेलं. पाटी, मफ, बसमधली जागा, कॅन्टीनमध्ये भिंतीला पाठ लावून बसणं म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर. दरवर्षी कंपनीत डॉक्टरांची गाडी कान-डोळे तपासायला आली की नेमके त्याच दिवशी आबा देवाला जायचे.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी पाटी काढली नाही. खिडकीबाहेर बघतच, अगदी हळू आवाजात म्हणाले, "कवा कळलं?"

मग ते वळून माझ्या ओठांकडं बघायला लागले. मग ते वळून माझ्या ओठांकडं बघायला लागले. आणखी कुणाला सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. बस चाकणच्या कांदा बाजारापाशी ट्रकांच्या रांगेत अडकली. मग ते आपणहून बोलले, माझ्या आठवणीतलं त्यांचं सगळ्यात मोठं बोलणं.

"घरी समदी एकदम बोलत्यात, पोरी. हसत्यात, मंग मी बी हसतो. कशाला हसलो त्ये मला म्हाईत नसतं. हितं प्रेसच्या खोलीत आलं की समदीच बहिरी. तितं मी कुनापरीस कमी न्हाई."

 

त्यानंतर आमची न बोलता एक व्यवस्था बसली. अँव्हिलला तडा जाताना आधी एक बारीक आवाज होतो. टक. वाळलेली काडी मोडल्यासारखा, मफमधूनही येतो. तो आला की लगेच हीटर बंद करायचा आणि दाब हळूहळू उतरवायचा. तळव्याला पंप कळतो, तेल कळतं, पण हा टक कळत नाही, हे आबांना ठाऊक होतं. म्हणून आमच्या पाळीत प्रेस चालू असताना मी त्यांच्या समोर, त्यांना दिसेन अशी उभी राहायचे. टक आला की हात वर. दीड वर्षात दोनदा आला, दोनदा मी हात वर केला आणि आबांनी प्रेस सांभाळून उतरवली. त्या काळात आमचे खडे इतके चांगले निघाले की साहेबांनी तो जास्तीचा एक दिवस कमी करा म्हणणं सोडून दिलं. मला वाटायचं, काय बिघडलंय? त्यांचा हात आणि माझे कान. दोघं मिळून काम चोख होतंय ना?

आणि मग तो दिवस. पाचवा दिवस होता, खडा जवळजवळ तयार. तिसरा माणूस रजेवर. खोलीत दोघांनी असायचं असा नियम, पण जेवणाच्या वेळेला आम्ही तो कधी पाळत नव्हतो. आबांनी पाटीवर लिहून मला जेवायला पाठवलं. मी जेवले, डबा धुतला आणि परत आले. लॅबचं दार उघडून आत पाऊल टाकते, तोच टक.

आबा पाइपवर तळवा ठेवून उभे होते. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर इतकं समाधान, दुपारी ओसरीवर बसलेल्या माणसाला असतं तसं. आणि मला कळलं की यांना काहीच कळलेलं नाही.

डबा टाकून मी धावले आणि हीटरचं बटण दाबलं. पंपाची थरथर बदलल्यावर त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि एका क्षणात सगळं समजले. पुढचा पाऊण तास मात्र त्यांचाच. दाब त्यांनी काट्यावरची नजर न हलवता सावकाश उतरवला. उघडून बघितलं तर एका अँव्हिलला कडेपासून मध्यापर्यंत तडा. आणखी पाचेक मिनिटं गेली असती तर ते फुटलं असतं आणि ज्या पाइपवर त्यांचा हात होता तोच आधी तुटला असता.

रिपोर्ट मला लिहायचा होता. आवाज कुणी ऐकला, असा त्यात एक रकाना असतो. मी ऐकला असं लिहिलं तर पुढचा प्रश्न येणार, की तू दारात होतीस आणि आबा प्रेसला हात लावून उभे होते, मग त्यांना कसा नाही आला? मी फार विचार केला नाही. लिहिलं, आबांनी आवाज ओळखून प्रेस थांबवली. मला वाटलं, मी त्यांना वाचवलं.

चार दिवसांनी नोटीस बोर्डवर कागद लागला. सेफ्टी वीकच्या कार्यक्रमात आबांचा सत्कार, प्रसंगावधानाबद्दल. आबांनी तो बोर्डापुढं उभं राहून वाचला. मग आत येऊन मला पाटी दिली नाही, काही विचारलं नाही. दोन दिवस पाटीवर फक्त 'ठोकळा', 'ओव्हन', 'तेल' एवढेच शब्द. त्यांना माझा राग आलाय एवढं मला कळत होतं. मला उलट त्यांचाच राग येत होता. मी एवढं केलं, आणि हे तोंड फिरवून बसतात म्हणजे काय?

कार्यक्रम शेडच्या मागच्या पटांगणात. मांडव, खुर्च्या, शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ. साहेबांनी भाषणात आबांच्या कानांचं कौतुक केलं. कानांचं! मी खाली मान घालून बसले. मग साहेबांनी माइक आबांच्या हातात दिला आणि विचारलं, एवढ्या आवाजात तो बारीक टक तुम्ही कसा ओळखलात, ते सगळ्यांना सांगा.

आबा माइक धरून तसेच उभे. साहेबांचं तोंड बाजूला वळलेलं होतं, त्यामुळं त्यांना प्रश्नच कळलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. शाल घ्यायला वर जाताना त्यांनी पाटी माझ्याकडं ठेवली होती. मी प्रश्न लिहिला आणि पहिल्या रांगेतून उंच धरली. दीडशे माणसांनी ते बघितलं. आबांनी वाचलं, डोक्यावरचे मफ काढून टेबलावर ठेवले आणि माइक तोंडापाशी नेला.

"मी आवाज ऐकला न्हाई. मला ऐकू येत न्हाई, सात-आठ वर्सं झाली. बटन ह्या पोरीनं दाबलं. तिनं माज्यासाठी खोटं लिवलं. दुसऱ्या टायमाला ती जेवाय गेली आन् खोलीत दुसरं कुणी नवं पोरगं आसलं, टक न वळखनारं, तर?"

एक-दोघांनी गंमत समजून टाळ्या वाजवल्या आणि मग थांबले. आबांनी शाल घडी करून साहेबांच्या हातात दिली आणि खाली उतरले.

साहेब वाईट माणूस नाही. मला एक लेखी समज मिळाली, ती रास्त होती. आबांना त्यांनी ठोकळे भाजायच्या विभागात काम देऊ केलं, प्रेसच्या खोलीत मात्र यायचं नाही. आबा म्हणाले, तिकडं समदी गप्पा मारत काम करत्यात, मला न्हाई जमायचं. दुसऱ्या दिवसापासून मोशीच्या चौकात बस थांबली की मी उगाच खिडकीतून बघायचे.

पाच महिने मी त्यांच्याकडं गेले नाही. लाज वाटत होती. खरं लिहिलं असतं तर सत्कार झाला नसता, आणि त्यांना सगळ्यांपुढं उभं राहून ते सांगावं लागलं नसतं. साहेबांच्या केबिनमध्ये दार लावून झालं असतं सगळं. मग एका रविवारी पर्समध्ये एक भाजलेला ठोकळा टाकला आणि मोशीला गेले. म्हटलं, विचारायला काहीतरी निमित्त हवं.

हॉलमध्ये टीव्ही लागलेला, दोन्ही सुना एकमेकींशी आणि फोनवर एकाच वेळी बोलत होत्या, नातवंडं सोफ्यावर उड्या मारत होती. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आबा, टोपीवरून पिवळे मफ चढवून. थोरली सून वैतागून मला सांगत होती, मुलांनी चांगलं कानाचं मशीन आणलं तर दोन दिवस लावलं आणि ठेवून दिलं, म्हणे त्यात भांडीबी बोलत्यात. आता घरात कुणी काही सांगायचं तर पाटीवर लिहायचं, असा कायदा काढलाय. ती बोलत असतानाच धाकट्या नातीनं जाऊन आबांपुढं पाटी धरली. त्यावर लिहिलं होतं, 'चहा?' आबांनी मान डोलावली आणि मग मी त्यांना दिसले.

 त्यांनी खुर्चीमागून मफची आणखी एक जोडी काढून माझ्या हातात दिली. मी ती घातली. टीव्ही गेला, सुना गेल्या, पोरं नुसतीच उड्या मारताना दिसायला लागली. मी ठोकळा काढून दिला. आबांनी तो फिरवून बघितला, चाटला, जीभ सोडवली आणि पाटीवर लिहिलं, 'कोरडा. तुला माहीत होतं.'

मी पाटी घेतली. लिहिलं, 'मी खोटं लिहायला नको होतं.'

त्यांनी ते वाचलं. मग पुसून सावकाश लिहायला लागले, पेन्सिल दाबून, प्रत्येक अक्षर वेगळं. 'तू माझे कान झालीस. मी बहिरा आहे हे मीच विसरलो. चूक दोघांची.'

 नातीनं चहा आणून ठेवला. आम्ही तो मफ न काढताच प्यायलो. निघताना मी ठोकळा उचलायला गेले तर त्यांनी तो आपल्या खुर्चीच्या हातावर ठेवून घेतला आणि पाटी पुन्हा माझ्यापुढं केली.

'पुढच्या रविवारी ये. ठोकळा नसला तरी चालेल.'